महिन्याचं अंडं महिन्यात तयार होत नाही

मागच्या अंकात पाळीच्या चक्राबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं की लाखो अंड्यांतून जेमतेम चारपाचशे बाहेर पडतात, तर त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप आलेत की संपादक म्हणाले मॅडम या वेळचं सदर अख्खं यालाच देऊन टाका. तर घ्या. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, नागपुरात कॉलेजात झूऑलॉजी शिकवते, त्यामुळे कोणती गोळी घेऊ, कोणतं इंजेक्शन घेऊ हे मला विचारू नका, पोटात नेमकं काय होऊन राहिलं ते मात्र सांगते. नावं सगळ्यांची काढलीत, काळजी नको.

प्रश्न : मॅडम मी ३१ वर्षांची आहे, लग्नाला दीड वर्ष झालं, मूल आत्ताच नको असं आमचं ठरलंय. एका चेकअपच्या पॅकेजमध्ये एएमएच (अंड्यांच्या साठ्याची रक्ततपासणी) पण होतं ते १.४ आलं. ते पाहून जाऊबाई म्हणाल्या तुझी अंडी संपत आली, आता थांबू नको. तेव्हापासून झोप नाही. मला एकच कळत नाही, दर महिन्याला नवीन अंडं तयार होतं ना, मग संपतील कशी? (नाव नको, मानेवाडा)

उत्तर : जाऊबाईंना म्हणावं जरा दमानं घ्या. दर महिन्याला नवीन अंडं तयार होतं असं पुष्कळांना वाटतं, फर्स्ट इयरच्या वर्गात विचारलं तर अर्धी पोरं हेच सांगतात. पुरुषांचं तसं असतं, वयात आल्यापासून त्यांचे शुक्राणू रोज कोट्यवधींनी नवे बनत राहतात. बाईचं गणित पार उलटं. तुमच्या अंडाशयात आज जेवढी अंडी आहेत ती सगळी तुमच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठीच आहेत, कारण ती तयार झाली तेव्हा तुम्ही आईच्या पोटात होता आणि तुमचा जन्मही झाला नव्हता.

आता हे होतं कसं ते पाहा, मला स्वतःला हा भाग शिकवताना दर वर्षी मजा येते. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असतो तेव्हा अंडाशय नावाची वस्तूच नसते. अंड्यांच्या मूळपेशी मात्र असतात, आणि त्या असतात कुठे, तर गर्भाच्या बाहेर, योक सॅक नावाच्या पिशवीच्या भिंतीत, अगदी थोड्या. तिथून त्या स्वतः सरकत सरकत, होणाऱ्या आतड्याच्या कडेकडेनं वर येतात आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास जिथे पुढे अंडाशय बनणार आहे तिथे जाऊन बसतात. बसल्यावर मग एकाच्या दोन, दोनाच्या चार असा धडाका सुरू होतो. १९६३ साली टी. जी. बेकर या शास्त्रज्ञानं अंडाशयांचे पातळ काप घेऊन ही मोजदाद केली, त्यात पाचव्या महिन्याच्या गर्भात आकडा ६८ लाखांपर्यंत गेलेला दिसला. मुलगी अजून जगात आलेली नाही आणि तिच्या आयुष्यातली सगळ्यात जास्त अंडी तिच्याकडे तेव्हाच असतात. तिथून जो उतार लागतो तो थांबत नाही. जन्मताना १० ते २० लाख, पाळी सुरू होते तेव्हा ३ ते ४ लाख, आणि पाळी कायमची जाते तेव्हा उरतात हजारेक.

म्हणजे संपतात हे खरं. पण महिन्याला एक या हिशेबानं नाही संपत, त्याचं पुढच्या प्रश्नात सांगते.

आमच्या लॅबमध्ये सस्तन प्राण्याच्या अंडाशयाच्या कापाची स्लाइड असते, टी. एस. ओव्हरी म्हणतो आम्ही, गुलाबी-जांभळी रंगवलेली. मायक्रोस्कोपखाली धरली की सगळ्यात आधी बाहेरच्या कडेला बारक्या बारक्या गोळ्यांची दाटी दिसते. प्रत्येक गोळी म्हणजे एक अंडं आणि त्याच्याभोवती चपट्या पेशींचा एकच पातळ थर, बस्स. ही झोपलेली अंडी. माणसात अशी अवस्था वीसपंचवीस वर्षं, कधी चाळीस वर्षंसुद्धा टिकते. त्याच स्लाइडवर जरा आत सरकलं की एखादं जागं झालेलं दिसतं, भोवतीच्या चपट्या पेशी आता फुगून चौकोनी झालेल्या, मग त्यांचे दोन थर, चार थर, आणि अंड्याच्या अंगालगत एक चकचकीत गुलाबी कडं, त्याला झोना पेलुसिडा म्हणतात, पुढे शुक्राणूला हेच कडं पार करावं लागतं. अजून मोठ्या गोळीत मधे पोकळी दिसते, तिच्यात पाणी भरलेलं, आणि अंडं बिचारं एका बाजूच्या पेशींच्या उंचवट्यावर ढकललेलं. अंडं आणि भोवतीच्या या पेशी मिळून जो गोळा होतो तो फॉलिकल. एकाच कापात सगळ्या वयाचे फॉलिकल शेजारी शेजारी बसलेले असतात, म्हणजे अंडाशयात एकावेळी एकच काम चाललंय असं कधीच नसतं.

झोपेतून उठल्यापासून बाहेर पडेपर्यंत एका फॉलिकलला बरेच महिने लागतात, त्यातले थर वाढू लागल्यापासून पोकळी होऊन फुटेपर्यंतचे शेवटचे साधारण ८५ दिवस. पाळीच्या हार्मोनच्या तालावर चालतात ते फक्त शेवटचे दोन आठवडे. म्हणजे या महिन्यात तुमचं जे अंडं बाहेर पडेल ते कामाला लागलं तेव्हा कदाचित तुमच्याकडे मागची दिवाळी चालू असेल.

आता एएमएच. हे हार्मोन झोपलेल्या अंड्यांकडून बनत नाही, मोठ्या झालेल्या फॉलिकलकडूनही फारसं बनत नाही, ते बनवतात मधल्या अवस्थेतल्या छोट्या वाढत्या फॉलिकलमधल्या, अंड्याभोवतीच्या पेशी. त्यावरून मागे साठा किती असेल याचा अंदाज बांधतात, इतकंच. अंडी चांगली आहेत का हे त्यातून कळत नाही. आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, इंजेक्शनांना अंडाशय किती साथ देईल, डोस किती ठेवायचा, हे ठरवायला डॉक्टरांना तो आकडा फार उपयोगी पडतो. पण नैसर्गिकरीत्या दिवस राहतील का याचा तो निकाल नाही. २०१७ साली अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या साडेसातशेच्या आसपास बायकांचा एक अभ्यास छापून आला, त्यात कमी एएमएच असणाऱ्यांना दिवस राहायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला असं दिसलं नाही. चेकअपच्या पॅकेजमध्ये हा टेस्ट घुसवणाऱ्यांवर माझा राग आहे, सोबत समजावून सांगणारा माणूस नसेल तर तो कागद नुसती भीती विकतो. ३१ ला १.४ म्हणजे दार बंद झालं असं अजिबात नाही. मात्र मूल हवंच आहे आणि नुसतं पुढे ढकलणं चाललंय तर वयाचा विचार करा, त्याचं खाली एका ताईंना लिहिलंय ते वाचा. आणि उद्या प्रयत्न करूनही जमलं नाही तर नवऱ्याची तपासणी आधी करा जी, ती सोपी आहे, स्वस्त आहे, आणि आपल्याकडे तीच सगळ्यात शेवटी होते.

प्रश्न : मॅडम आमची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. लाखातून चारशे म्हणजे बाकीची काहून मरतात? वायाच गेली म्हणा ना. अन् मले हे बी सांगा, गोळ्या खाऊन पाळी थांबवली तर तेवढी अंडी वाचतात का? आमच्या भावजयीनं टेस्ट ट्यूबसाठी इंजेक्शनं घेतली, एकदम बारा अंडी काढली म्हणे, म्हणजे तिचं वर्षभराचं एकाच महिन्यात गेलं का? (एक शेतकरी वाचक, काटोल)

उत्तर : भाऊ, आंबिया बहार फुटतो तेव्हा झाड कसं फुलांनी पांढरं होतं आणि त्यातली संत्री किती धरतात ते तुम्ही दर वर्षी पाहता, गळ होतेच, खत कितीही घाला. अंडाशयातही तसंच आहे, फक्त इथे बहार बारा महिने चालू असतो.

रोज काही झोपलेले फॉलिकल आपसूक जागे होतात. त्यांना कोणी बोलवत नाही, मेंदूचं हार्मोन लागत नाही, मुलगी पाच वर्षांची असो की बाई गरोदर असो की गोळ्या खाऊन राहिलेली असो, हे जागं होणं चालूच. जागे झालेल्यांना काही महिन्यांनी पाळीच्या सुरुवातीला वाढणारं एफएसएच हार्मोन भेटलं तर ते पुढे जातात, नाही भेटलं तर तिथेच आपल्या आपण विरून जातात. लहान मुलींमध्ये एफएसएच तेवढं नसतंच, म्हणून जन्मापासून पाळीपर्यंत लाखो जातात आणि बाहेर एकही पडत नाही.

आता गोळीचं. गोळी शेवटच्या पंधरवड्यातली शर्यत थांबवते. पण शर्यतीच्या मैदानापर्यंत पोचलेले फॉलिकल मागे जाऊन झोपत नाहीत ना, परतीचा रस्ताच नाही, त्या महिन्याचे सगळेच मरतात. त्यामुळे गोळ्यांनी अंडी साठून राहतात आणि पाळी दहा वर्षं उशिरा जाते असं कोणी सांगितलं तर सोडून द्या.

भावजयीचं याच्या उलट. दर महिन्याला एका मापाचे दहावीस छोटे फॉलिकल तयार असतात, त्यातला एक जिंकतो, बाकीचे जातात. इंजेक्शनमध्ये एफएसएच भरपूर देतात त्यामुळे जे त्या महिन्यात मरणारच होते तेही वाढतात. त्यांनाच काढलं. पुढच्या महिन्यांचं काही उचललेलं नाही, घरी सांगा.

वाया गेली का, तर पूर्ण वाया म्हणवत नाही. उंदरांवर २०१६ साली एक सुंदर काम झालं, त्यात दिसलं की गर्भात ही अंडी सुरुवातीला एकमेकींना जोडलेल्या घोळक्यात असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणी आपल्या पेशीतला माल, मायटोकॉन्ड्रिया (पेशीची वीजघरं) वगैरे, शेजारणीला देऊन मग मरतात. जी उरते ती त्यामुळे भरलेली होते. काहींच्या गुणसूत्रांच्या जोड्या नीट जमत नाहीत त्याही गळतात. माणसात नेमकं कितीजणी कशामुळे जातात याचा चोख हिशेब अजून व्हायचाय, पण गळ हा बिघाड समजायचं कारण नाही.

प्रश्न : मॅम, मी बीएस्सी फायनलला आहे. पुस्तकात लिहिलंय की ऊसाइट प्रोफेज वनमध्ये अरेस्ट होतो आणि ओव्हुलेशनला परत सुरू होतो. पण अरेस्ट करतं कोण, आणि इतकी वर्षं तो जिवंत कसा राहतो? सरांनी सांगितलं परीक्षेला येत नाही. (विद्यार्थी, सीताबर्डी)

उत्तर : परीक्षेला येत नाही म्हणून विचारलास, फार बरं वाटलं बेटा.

आधी बाकीच्यांसाठी दोन ओळी. आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं, २३ जोड्या. अंड्यात २३ च हवीत, कारण उरलेली २३ वडिलांकडून येणार. ही निम्मी करण्याची जी विभागणी तिला मायोसिस म्हणतात. मुलींमध्ये ती गर्भातच सुरू होते, जोडीतली आईकडची आणि वडिलांकडची गुणसूत्रं एकमेकांना चिकटतात, तुकड्यांची अदलाबदल करतात, आणि तिथेच काम थांबतं. अर्ध्यावर. हाच तो ऊसाइटचा, म्हणजे अंड्याचा, प्रोफेज वनमधला अरेस्ट. पुढची पायरी थेट वयात आल्यावर, ज्या महिन्यात ते अंडं बाहेर पडणार त्या महिन्यात.

अडकवतं कोण याचा पहिला धागा १९३५ साली पिंकस आणि एन्झमन यांना सापडला. त्यांनी सशाच्या फॉलिकलमधून अंडं बाहेर काढून बशीत ठेवलं, काही घातलं नाही, हार्मोन नाही काही नाही, आणि अंड्यानं आपली थांबलेली विभागणी आपणहून सुरू केली. म्हणजे अंडं तयारच होतं, भोवतीच्या पेशी त्याला धरून होत्या. त्या कशानं धरतात ते कळायला मात्र पुढे सत्तरेक वर्षं गेली. भोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशी आणि अंडं यांच्यात बारीक नळ्यांसारखे जोड असतात, पेशींचे लांब धागे झोनाच्या कड्यातून आरपार जाऊन अंड्याला टेकलेले असतात. त्या वाटेनं सायक्लिक जीएमपी नावाचा छोटा रेणू आत जात राहतो. तो आत असेपर्यंत एक एन्झाइम दबून राहतं, त्याचं नाव फॉस्फोडायएस्टरेज. सायक्लिक एएमपी नावाचं दुसरं रसायन हे एन्झाइम तोडतं, म्हणून ते दबलं की अंड्यातलं एएमपी वर राहतं, आणि ते वर आहे तोवर विभागणी सुरू होत नाही. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच हार्मोनची लाट आली की जीएमपीचा पुरवठा तुटतो, जोड बंद होतात, एएमपी घसरतं आणि काही तासांत अंड्याच्या केंद्रकाचं आवरण विरघळतं. बारा वर्षं थांबलेलं असो की बेचाळीस, सुटतं ते असं.

पुढचं लक्ष देऊन वाच. गुणसूत्रांचे दोन सारखे वाटे होतात पण पेशीचे होत नाहीत. एक वाटा जवळपास सगळा ऐवज घेऊन अंड्यात राहतो आणि दुसरा वाटा एका चिमुकल्या पेशीत, पोलर बॉडीत, बाहेर टाकला जातो. हे वाटप असं एकतर्फी का, तर गर्भधारणेनंतर पहिले दोनतीन दिवस गर्भ स्वतःची जनुकं जवळपास वापरतच नाही, आईनं अंड्यात भरून ठेवलेल्या मालावर चालतो, तो माल अर्धा झाला तर कसं व्हायचं. मग दुसरी विभागणी सुरू होते आणि परत थांबते, मेटाफेज टू नावाच्या टप्प्यावर. याच अवस्थेत अंडं बाहेर पडतं. शुक्राणू आत शिरला आणि त्यानं कॅल्शियमच्या लाटा उठवल्या तरच ती पुरी होते, नाहीतर अंडं तसंच अर्धवट मरतं. म्हणजे बघ, ज्या अंड्यांना शुक्राणू भेटतच नाही त्यांची मायोसिस कधीच पूर्ण होत नाही. रॉबर्ट एडवर्ड्सनी १९६५ मध्ये माणसाच्या अंड्यांवर घड्याळ लावून पाहिलं की पहिल्या थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत ३६-३७ तास लागतात. आज आयव्हीएफवाले ट्रिगरचं (एलएचच्या लाटेचं काम करणारं) इंजेक्शन देऊन ३५-३६ तासांनी अंडी काढतात ते याच हिशेबानं. त्याच एडवर्ड्सना २०१० चं नोबेल मिळालं.

जिवंत कसं राहतं याचं एक उत्तर तर आत्ता आत्ताचं आहे, २०२२ चं, बार्सिलोनाच्या प्रयोगशाळेतलं. पेशी श्वसन करते तेव्हा मायटोकॉन्ड्रियातल्या साखळीच्या पहिल्या टप्प्यावर, कॉम्प्लेक्स वनवर, घातक ऑक्सिजन रेणू सुटतात, ते डीएनएला चावतात. झोपलेली अंडी हा टप्पाच जवळपास बंद ठेवतात. कमी ऊर्जेवर भागवायचं पण घाण होऊ द्यायची नाही. बेडकाच्या आणि माणसाच्या, दोन्ही अंड्यांत हे दिसलं. सरांना दाखव.

प्रश्न : मॅडम, मिसेसची फॉलिक्युलर स्टडी चालू आहे रामदासपेठेत. परवा डॉक्टर म्हणाले अंडं १४ एमएमचं आहे, आज १८ चं, परवा परत या. मी हिंगण्याला एमआयडीसीत शिफ्टमध्ये आहे, सारखी सुट्टी मिळत नाही. एवढं रोज रोज काय पाहतात? एखादा दिवस चुकला तर महिना गेला का? (वाचक, हिंगणा रोड)

उत्तर : भाऊ, पडद्यावर जो काळा गोल दिसतो आणि ज्याच्या दोन कडांना डॉक्टर प्लसचं चिन्ह ठेवून माप घेतात, तो फॉलिकल, पाण्यानं भरलेला, म्हणून काळा. अंडं त्याच्या आत कुठेतरी चिकटलेलं असतं आणि ते १८ एमएम नसतं, एका मिलिमीटरचा दहावा भाग असतं. सोनोग्राफीत दिसतच नाही. शरीराच्या मोठ्या पेशींपैकी ती एक, नुसत्या डोळ्यानं जेमतेम ठिपका दिसेल एवढी, तरी मशीनला नाही. फसायला होतं यात, तुम्ही एकटे नाही. हॉलंडचा रेनियर द ग्राफ १६७२ मध्ये हे फुगे पाहून यांनाच अंडी समजला होता, खरं अंडं दिसलं ते १८२७ मध्ये, कार्ल अर्न्स्ट फॉन बेअरला, तेही कुत्रीच्या फॉलिकलमध्ये, मधे दीडशे वर्षं गेली.

रोज पाहतात कारण शेवटच्या आठवड्यात गडी वेगानं पळतो. पाळीच्या पहिल्या आठवड्यात दहावीस जण बरोबरीनं असतात, साधारण १० एमएमच्या आसपास एक पुढे निघतो. तो इस्ट्रोजेन बनवतो, त्यात दोन जातींच्या पेशी मिळून काम करतात, बाहेरच्या थीका पेशी एलएचच्या हुकमानं पुरुषी हार्मोन बनवतात आणि आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएचच्या हुकमानं त्याचं इस्ट्रोजेन करतात. ते रक्तात वाढलं की मेंदू एफएसएच कमी करतो, आणि बाकीचे उपाशी मरतात. पुढे निघालेल्याकडे एफएसएच पकडायच्या जागा जास्त असतात आणि आता त्याला एलएचही चालतं, म्हणून तो टिकतो. स्वतःच्याच बनवलेल्या इस्ट्रोजेननं बाकीच्यांचा रस्ता बंद करतो, पक्का राजकारणी. मग रोज दीड-दोन एमएमनं वाढतो. इस्ट्रोजेन सलग दोनेक दिवस खूप वर राहिलं की मेंदू पलटतो आणि एलएचची लाट सोडतो, तिच्या सुरुवातीपासून साधारण ३४ ते ३६ तासांत फॉलिकल फुटतो.

तुमच्या फाइलमध्ये तो तक्ता असेल, तारीख, पाळीचा दिवस, उजवी ओव्हरी, डावी ओव्हरी, एंडोमेट्रियम. शेवटच्या रकान्यात गर्भाशयाचं अस्तर किती जाड झालं ते लिहितात. १८-२० च्या वर गेल्यावर एखाद्या दिवशी तो काळा गोल गायब झालेला किंवा चुरगळलेला दिसतो आणि गर्भाशयाच्या मागे थोडं पाणी, तेव्हा डॉक्टर रप्चर्ड, म्हणजे फुटला, असं लिहितात. त्यासाठी बोलावतात.

सुट्टीचं असं की बाहेर पडलेलं अंडं १२ ते २४ तासच टिकतं पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणजे अंडं यायच्या आधीच्या दोनतीन दिवसांतले संबंध महत्त्वाचे. सोनोग्राफीची एक खेप हुकली म्हणून महिना जात नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की शिफ्ट अशी आहे, ते वेळ मागेपुढे करून देतात. मिसेसना एकट्यानं जावं लागलं तरी घरी आल्यावर तो तक्ता घेऊन बसा तिच्याजवळ.

प्रश्न : मी ३७, लग्न आत्ता ठरतंय. मी पूर्ण फिट आहे, रोज अंबाझरीला पाच किलोमीटर चालते, शुगर-बीपी काही नाही, लोक मला तिशीची समजतात. तरी डॉक्टर सारखं वय काढतात. शरीर तरुण तर अंडी पण तरुणच ना? आणि एग फ्रीजिंग करू का? (वाचक, धरमपेठ)

उत्तर : ताई, चालणं सोडू नका, पण याचं उत्तर कडू आहे. तुमचे स्नायू, कातडी, रक्त सारखं नवं होत असतं, अंडी नवी होत नाहीत. वर त्या विद्यार्थ्याला लिहिलं की गुणसूत्रांच्या जोड्या गर्भातच एकमेकींना धरून बसतात. त्यांना बांधून ठेवतात कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्या. त्या घातल्या जातात जन्माआधी, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की नंतर त्या नव्यानं भरल्या जात नाहीत. ३७ वर्षांत काही झिजतात. मग शेवटच्या क्षणी विभागणी होताना एखादी जोडी वेळेआधीच सुटते आणि दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जातात. त्यात माणसाच्या अंड्यात गुणसूत्रं ओढणारा जो सांगाडा असतो, स्पिंडल, तो उभा राहायलाच १६ तासांच्या आसपास लागतात आणि तो अधूनमधून डगमगतो, हे २०१५ मध्ये जिवंत अंड्यांचं चित्रीकरण करून पाहिलंय.

म्हणून एक गुणसूत्र जास्त आल्यानं होणाऱ्या डाउन सिंड्रोमचा धोका आईच्या वयानुसार चढतो, पंचविशीत साधारण १२०० त एक, ३५ ला ३५० त एक, चाळिशीला १०० त एक. उलटून वाचा, चाळिशीलाही शंभरात ९९ बाळांना तो नसतो. वय वाढल्यावर जास्त जाणवतं ते दिवस न राहणं आणि लवकर गर्भपात होणं, कारण गुणसूत्रं चुकलेले बहुतेक गर्भ पुढे जातच नाहीत.

फ्रीजिंगबद्दल निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा. मी एवढंच सांगेन की गोठवलं की अंड्याचं वय तिथेच थांबतं, आधीचं परत येत नाही, म्हणून ३७ ला गोठवणं आणि ३० ला गोठवणं यात फरक आहे, आणि गोठवलेलं अंडं म्हणजे बाळाची गॅरंटी कोणी देत असेल तर उठून या. आपल्याकडे २०२१ चा कायदा आहे, त्यानुसार बाईला ही सेवा २१ ते ५० या वयात घेता येते आणि अंडी १० वर्षांपर्यंत ठेवता येतात. लग्न ठरतच असेल तर त्या मुलाशी हे लग्नाआधी बोला, पत्रिकेपेक्षा उपयोगाचं आहे.

प्रश्न : गाठीमुळे माझी डावी ओव्हरी काढली. आता एक महिना सोडून पाळी येईल का? (वाचक, वर्धमान नगर)

उत्तर : नाही, दर महिन्यालाच येईल. डावं-उजवं अशी पाळीपाळीनं वाटणी नसतेच, ज्या बाजूचा फॉलिकल पुढे निघेल ती बाजू. एक राहिली तर तीच दर महिन्याला काम करते. पाळी कायमची जायला इतरांपेक्षा थोडं लवकर होऊ शकतं, वर्षभर म्हणा.

प्रश्न : सुनेला पीसीओडी निघालं, सोनोग्राफीत दोन्हीकडे वीस-वीस गाठी आहेत म्हणे. ऑपरेशन करून काढाव्या लागतील का? ती खात पण काही नाही, तिला गावरान अंडी आणि डिंकाचे लाडू द्यावे का? (एक सासूबाई, सक्करदरा)

उत्तर : काकू, त्या गाठी नव्हेत. वर सांगितले ते छोटे फॉलिकल, निघालेले पण मधेच थांबलेले, कोणीच पुढे जात नाही म्हणून सगळे कडेनं ओळीत बसलेले दिसतात. कापून काढायचे नसतात ते. अंडी कमी असण्याचा हा प्रकार नाही, उलट जास्तच असतात, फक्त बाहेर पडत नाहीत. डॉक्टर वजन, गोळ्या, जे सांगतील ते नियमानं करू द्या. गावरान अंडी द्या, प्रोटीन मिळेल, पण त्यानं तिच्या पोटातली अंडी वाढत नाहीत, तसा काही रस्ताच नाही. डिंकाचे लाडू मात्र जरा हातचे राखून, साखर-तूप तिला सध्या नको असेल. सिगरेटनं पाळी एक-दोन वर्षं लवकर जाते हे पक्कं ठाऊक आहे, तेव्हा घरात कोणी ओढत असेल तर त्याला गच्चीवर नाही, पार बाहेर पाठवा. आणि सुनेला हे सदर वाचायला द्या, तुम्ही वाचून दाखवू नका, ते बरं नाही दिसत.

प्रश्न : माझी मुलगी पोटात होती तेव्हाच माझी नात पण माझ्या पोटात होती असा मेसेज आलाय. खरं का? (आजी, महाल)

उत्तर : अर्धं खरं आहे आजी. ज्या अंड्यापासून नात झाली ते अंडं तुमच्या लेकीच्या अंडाशयात, तुमच्याच पोटात तयार झालं, यात शंका नाही. पण तेव्हा त्या अंड्यातून कोणती २३ गुणसूत्रं राहणार आणि कोणती बाहेर पडणार हे ठरायचं होतं, आणि उरलेली २३ जावयांकडून यायची होती. मेसेज पुढे पाठवा, फक्त जावयांचा वाटा खाली लिहून पाठवा.

प्रश्न : यूट्यूबवर पाहिलं की अंडाशयात स्टेम सेल सापडल्या, नवीन अंडी बनवता येतात. एका ठिकाणी ओव्हरी पुन्हा तरुण करून देतो असं पॅकेजही आहे. घ्यावं का? (वाचक, वर्धा रोड)

उत्तर : २००४ मध्ये अमेरिकेतल्या जोनाथन टिली यांच्या गटानं उंदरांवरून असा दावा केला होता की जन्मानंतरही नवी अंडी बनतात, २०१२ मध्ये माणसाच्या अंडाशयातूनही तशा पेशी वेगळ्या केल्याचं छापलं. त्यावर तेव्हापासून वाद आहे. २०२० मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटानं माणसाच्या अंडाशयातल्या हजारो पेशी एकेक करून तपासल्या, त्यांना त्या स्टेम सेल मिळाल्या नाहीत. बहुतेक शास्त्रज्ञ आज जुनंच धरून आहेत, की जन्मानंतर बाईला नवी अंडी मिळत नाहीत. पॅकेजवाले पैसे आधी मागतील, तेव्हा तुम्ही आधी विचारा की तुमच्याकडे हे केलेल्या किती जणींना मूल झालं आणि न केलेल्या तेवढ्याच जणींना किती झालं, आणि उत्तर लेखी द्या म्हणा.